चर्चमधलं गाणं रेडिओवर : स्टेपल कुटुंबाच्या निर्णयांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रोबक स्टेपल्स यांचा जन्म १९१४ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या विनोना गावचा. घरची माणसं डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर राबायची. त्याच मळ्यावर चार्ली पॅटन हा ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची चर्चबाहेरची लोकगाणी, गाणारा कलावंत वाजवायचा, आणि पोरवयातल्या रोबक यांच्या हाताला गिटारचं वळण लागलं ते त्याला ऐकून. घरात मात्र चर्चची शिस्त. मळ्यावरचं आयुष्य नको म्हणून १९३० च्या दशकाच्या मध्यावर ते शिकागोला गेले आणि मागाहून बायको ओसिओला व मुलांना बोलावून घेतलं. दक्षिणेतली गरिबी आणि वंशभेद मागे टाकून उत्तरेच्या शहरांकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी हे एक. शिकागोत त्यांनी कत्तलखान्यात काम केलं, पुढे पोलादाच्या कारखान्यात. सगळे त्यांना ‘पॉप्स’ म्हणत.

संध्याकाळी ते एका पुरुषांच्या गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या, मेळ्यात गायचे. सदस्य तालमीला वेळेवर येत नसत. १९४८ च्या सुमारास या बेशिस्तीला कंटाळून पॉप्सनी मेळा सोडला, एक जुनी गिटार घेतली, स्वतःच्या मुलांना घरात जमिनीवर गोल करून बसवलं आणि प्रत्येकाला एकेक सूर वाटून दिला. क्लिओथा, पर्व्हिस, इव्हॉन आणि मेव्हिस ही ती मुलं. मुलांच्या आत्याने हे गाणं ऐकलं आणि आपल्या चर्चमध्ये गायला बोलावलं. तिथे ‘वन्स मोअर’ मिळत गेला, पण पुरतं बसलेलं गाणं एकच होतं. म्हणून तेच तीनदा गायले.

पुढची पन्नास वर्षं ‘स्टेपल सिंगर्स’ या नावाने हे कुटुंब अमेरिकाभर फिरलं. या प्रकरणातला मुख्य निर्णय १९६८ चा आहे. त्या वर्षी देवाची गाणी गाणाऱ्या या घराने लोकप्रिय संगीताच्या बाजारात पाय ठेवला. पण तो समजायचा तर त्याआधीचे दोन निर्णय पाहायला हवेत, कारण १९६८ मध्ये हे घर ज्या बळावर उभं राहिलं ते बळ तिथून आलं होतं.

पहिला निर्णय घाई न करण्याचा. १९५३ पासून तबकड्या निघू लागल्या. सुरुवातीच्या कंपनीला यांच्याकडून धर्माबाहेरची, बाजारात खपणारी गाणी हवी होती. पॉप्सनी नकार दिला आणि करार संपेपर्यंत थांबले. मग व्ही-जे या शिकागोतल्या, कृष्णवर्णीय मालकांच्या कंपनीत गेले. तिथली पहिली तबकडी फारशी खपली नाही. १९५६ च्या ‘अनक्लाउडी डे’ने मात्र दक्षिणेत धुमाकूळ घातला. कंप पावणारी गिटार, आणि त्यावर मेव्हिसचा खालच्या पट्टीतला, छातीतून येणारा आवाज. हा आवाज शाळकरी मुलीचा आहे यावर श्रोत्यांचा विश्वास बसत नसे. कार्यक्रमांची बोलावणी सगळीकडून येऊ लागली. तरी पॉप्सनी दौरे शनिवार-रविवारपुरते ठेवले. १९५७ मध्ये मेव्हिसचं शालेय शिक्षण पूर्ण झालं, आणि तेव्हाच हे कुटुंब पूर्ण वेळ रस्त्यावर उतरलं.

या संयमाला मी फार महत्त्व देतो. नाव तापलेलं असताना एक वर्ष हातचं सोडणं फिरत्या कलाकाराला जड जातं. पण त्यामुळे मुलांना हे कळलं की बिदागीपेक्षा आपण मोठे आहोत. पुढे बापाने कठीण निर्णय घेतले तेव्हा मुलं मागे उभी राहिली, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

दुसरा निर्णय कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत उतरण्याचा. अलाबामातल्या मोंटगमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यू चर्चमध्ये पॉप्सनी मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचन ऐकलं. मुक्कामाच्या जागी परतल्यावर त्यांनी मुलांना सांगितलं की हा माणूस जे प्रवचनात सांगू शकतो, ते आपण गाण्यात सांगू शकतो. तिथून या घराच्या गाण्यांत स्वर्गाबरोबर आजचा रस्ताही आला. आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या, तोवर गोऱ्यांपुरत्याच असलेल्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना १९५७ मध्ये जो त्रास झाला, त्यावरून पॉप्सनी ‘व्हाय? (अ‍ॅम आय ट्रीटेड सो बॅड)’ लिहिलं. किंगना ते गाणं फार आवडे आणि सभेआधी ते त्याची फर्माईश करत, अशी आठवण मेव्हिस सांगते. १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून मोंटगमेरीपर्यंत मोर्चा निघाला, त्यावर पॉप्सनी ‘फ्रीडम हायवे’ लिहिलं आणि त्याच वसंतात शिकागोच्या एका चर्चमध्ये भरल्या सभेत ते ध्वनिमुद्रित झालं.

ही गाणी सुरक्षित अंतरावर बसून लिहिलेली नव्हती. दक्षिणेत दौरा करायचा म्हणजे कुठे जेवायला मिळेल आणि कुठे झोपायला, हे आधी ठरवूनच निघावं लागे. एका रात्री मेम्फिसमध्ये पेट्रोल पंपावर पावतीवरून वाद झाला, हातघाईवर आला, आणि पुढे पोलिसांनी बंदुका रोखून सगळ्या कुटुंबाला अडवलं, बेड्या घातल्या. चोरीचा आळ होता. खरं काय ते कळल्यावर सोडून दिलं.

अडचण

१९६८ उजाडलं तेव्हा या कुटुंबाचं नाव मोठं होतं आणि पाया डळमळीत. लोकसंगीताच्या महोत्सवांत गोरे तरुण त्यांना ऐकत होते. एपिक या मोठ्या कंपनीसाठी तबकड्या निघत होत्या, पण त्यांतली एकही घरोघरी पोहोचत नव्हती. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये किंग यांचा खून झाला. ज्या चळवळीच्या सभांनी या गाण्यांना अर्थ दिला होता, ती चळवळ सैरभैर झाली.

घरातही बदल होत होते. मुलं आता तिशीच्या आसपासची. पर्व्हिसला रंगमंचापेक्षा इतर कलाकारांचं व्यवस्थापन खुणावत होतं. मेव्हिसचा आवाज असा की एकटीने गायली तर कोणतीही कंपनी दार उघडेल. एकाच नावावर सगळ्यांची पोटं अवलंबून, आणि सगळे निर्णय एका माणसाच्या हातात.

त्यावर चर्चचा धाक. ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं, ही समजूत या समाजात खोल रुजलेली होती. मेव्हिस लहानपणी काही काळ मिसिसिपीत आजीकडे राहिली होती. शाळेच्या कार्यक्रमात ती एक प्रेमगीत गायली, तर तिला मार बसला आणि बजावण्यात आलं की या घरात चर्चचीच गाणी गायची. आपल्याकडे कीर्तनकाराच्या घरातल्या मुलीने तमाशाच्या फडावर उभं राहावं आणि गावाने काय म्हणावं, तसलाच हा प्रश्न.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. चर्चचं गाणं आणि बाहेरचं गाणं यांच्यातली ही रेघ वाटते तितकी जुनी नव्हती. गॉस्पेल संगीताला आजचं रूप दिलं ते शिकागोच्याच टॉमस डॉर्सी यांनी, आणि ते आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची धार्मिक गाणी अनेक चर्चनी नाकारली होती, कारण त्यांत ब्लूजचा वास येतो म्हणून. वीस वर्षांत तीच गाणी चर्चची परंपरा झाली. पॉप्सची गिटार तर थेट डॉकरीच्या मळ्यावरून आलेली. देवाचं आणि बाजारचं गाणं यांच्यातला ओलांडा त्यांच्या बोटांत पहिल्यापासून होता. अडचण शब्दांची होती.

समोरचे मार्ग

बाहेरून पाहता चार मार्ग दिसतात.

पहिला, चर्चमध्येच राहायचं. मान टिकला असता, टीका झाली नसती. पण गॉस्पेलची कमाई तुटपुंजी आणि श्रोता तोच तो. शिवाय किंगनंतर ‘सगळ्या लोकांशी बोलायचं’ ही जी दिशा या घराने घेतली होती, ती बंद झाली असती.

दुसरा मार्ग सॅम कुक यांचा. ते याच शिकागोच्या वस्तीतले, स्टेपल मुलांच्या ओळखीचे. सोल स्टिरर्स या नावाजलेल्या गॉस्पेल मेळ्याचे ते मुख्य गायक होते. १९५७ मध्ये त्यांनी सरळ प्रेमगीतं गायला सुरुवात केली, देशभर गाजले आणि गॉस्पेलच्या श्रोत्यांचा मोठा भाग गमावून बसले. हा मार्ग घेतला तर पैसा होता, पण पॉप्सना तो मान्य होण्यासारखा नव्हता.

तिसरा, मेव्हिसला एकटीला पुढे करायचं. अरेथा फ्रँकलिन १९६० मध्ये पाळक वडिलांच्या संमतीनेच लोकप्रिय संगीतात गेली होती आणि १९६७ पासून ती शिखरावर होती. उदाहरण ताजं होतं. पण मेव्हिसला घर सोडून गायचं नव्हतं, आणि तिच्याविना मेळ्यात उरलं असतं काय, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

चौथा मार्ग मधला : गाण्याचा ठेका लोकप्रिय करायचा, पण शब्द असे निवडायचे की चर्चच्या व्यासपीठावर उभं राहूनही म्हणायला लाज वाटू नये. देवाचं नाव नसलं तरी चालेल, सांगणं हवं. पॉप्सनी हा मार्ग घेतला. माझ्या मते तो चारांत सर्वांत अवघड होता, कारण त्यात दर गाण्याला नव्याने निवाडा करावा लागतो. इतर तिन्ही मार्गांत एकदाच काय ते ठरवून मोकळं होता येतं.

काय केलं

१९६८ मध्ये कुटुंबाने मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीशी करार केला. स्टॅक्सचीही तेव्हा पडती वेळ होती. ओटिस रेडिंग हा त्यांचा सर्वांत मोठा गायक डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात गेला होता. अ‍ॅटलांटिक कंपनीशी असलेलं नातं तुटलं आणि जुन्या तबकड्यांचे हक्कही हातचे गेले. शून्यातून उभं राहू पाहणाऱ्या कंपनीला नवं नाव हवं होतं, आणि स्टेपल कुटुंबाला नवी जागा.

पहिले दोन संग्रह स्टीव्ह क्रॉपर या गिटारवादक निर्मात्याने केले. गाणी चांगली होती, पण ठिणगी पडली नाही. हा काळ प्रकरणातला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे आणि मला तो फार शिकवणारा वाटतो. बाजारात उतरल्यावर दोन वर्षं काहीच घडत नाही, चर्चमधले लोक नाराज आणि रेडिओ गप्प. अशा वेळी परत फिरण्याचा मोह किती असेल! ते फिरले नाहीत. याच सुमारास पर्व्हिस मेळ्यातून बाजूला झाला आणि इव्हॉन कायमची आली. तो लष्करी सेवेत असतानाही तिनेच त्याची जागा भरली होती. तिला स्वतःला गाण्याची हौस बेताचीच. घराला गरज आहे म्हणून ती उभी राहिली.

मग स्टॅक्सचे अल बेल यांनी निर्मिती स्वतःकडे घेतली. बेल हे आधी रेडिओवर निवेदक होते, गॉस्पेल त्यांच्या कानात मुरलेलं. त्यांनी ध्वनिमुद्रण अलाबामातल्या मसल शोल्स या छोट्या गावी नेलं. तिथले बास, ड्रम, की-बोर्ड आणि गिटार वाजवणारे साथीदार गोरे होते आणि कृष्णवर्णीय संगीताचा ठेका त्यांच्या अंगात भिनलेला होता. बेल यांचा हिशेब सरळ होता : शब्द कुटुंबाचे शोभतील असे, आवाज मेव्हिसचा, आणि ठेका असा की पाय थांबू नयेत.

१९७१ मध्ये ‘रिस्पेक्ट युवरसेल्फ’ आलं आणि अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. स्वाभिमान राखा, दुसऱ्याला दोष देण्याआधी स्वतःकडे पाहा, असं सांगणारं हे गाणं. एखादा पाळक रविवारी सकाळी हेच सांगेल. १९७२ मध्ये ‘आय विल टेक यू देअर’ पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. अल बेल यांच्या धाकट्या भावाची हत्या झाली होती. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी बेल यांना ते सुचलं. गाण्यात शब्द थोडे, ठेका जमैकाच्या वळणाचा, आणि दुःख, भेदभाव, खोटेपणा नसलेल्या एका जागेचं वचन. ही जागा म्हणजे स्वर्ग, हे चर्चमध्ये वाढलेल्या कोणालाही लगेच कळतं. नाचघरात ते कळायची गरज पडत नाही.

टीका व्हायची ती झाली. काही चर्चमधून म्हटलं गेलं की स्टेपल कुटुंब सैतानाची गाणी गाऊ लागलं. मेव्हिसचं उत्तर ठरलेलं असे : सैतानाकडे संगीत नाहीच, सगळं संगीत देवाचं, शब्द नीट ऐका. हे उत्तर तिने पुढे आयुष्यभर दिलं. ते प्रसिद्धीसाठी बनवलेलं नव्हतं. निवड करतानाची कसोटी आणि टीकेला द्यायचं उत्तर एकच असल्यामुळे ते डगमगलं नाही.

परिणाम

१९७१ मध्ये ते घानात अक्राच्या मोठ्या मैफिलीत गायले, १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॉलिझियममध्ये स्टॅक्सच्या महामैफिलीत. पण डिसेंबर १९७५ मध्ये स्टॅक्स दिवाळखोरीत गेली आणि कुटुंबाच्या पायाखालची फळी सरकली.

त्याच वेळी शिकागोचे गायक-गीतकार कर्टिस मेफिल्ड यांच्याकडून एका चित्रपटासाठी ‘लेट्स डू इट अगेन’ आलं. हे उघडउघड शृंगारिक गाणं. पॉप्स म्हणाले, मी चर्चचा माणूस, हे म्हणणार नाही. मेफिल्डनी मनधरणी केली आणि शेवटी ते गायले. गाणं पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या उंचीवर पोहोचलेलं ते त्यांचं शेवटचं गाणं. नंतर कंपन्या बदलल्या, काही काळ नाव नुसतं ‘द स्टेपल्स’ केलं, डिस्कोच्या लाटेत आवाज हरवला. १९८४ मध्ये टॉकिंग हेड्स या मेळ्याचं एक गाणं नव्याने गाऊन थोडी हालचाल झाली.

मान मात्र वाढत गेला. पॉप्सना ऐंशीच्या घरात ग्रॅमी हे संगीतातलं मानाचं पारितोषिक मिळालं. १९९९ मध्ये मेळ्याचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. १९ डिसेंबर २००० ला पॉप्स गेले.

मेव्हिसला पुढे काय करावं हे सुचेना. एकसष्ट वर्षांची गायिका, आणि बापाच्या गिटारविना कसं उभं राहायचं हे तिला कधी शिकावंच लागलं नव्हतं. इव्हॉनने तिला उठवलं, गायलाच हवं म्हणून मागे लागली. कंपन्यांना रस नव्हता, तेव्हा मेव्हिसने स्वतःच्या पैशाने संग्रह केला. तो २००४ मध्ये अ‍ॅलिगेटर कंपनीने काढला. २०१० चा, जेफ ट्वीडी या रॉक संगीतकाराने निर्मिलेला संग्रह तिला पहिलं ग्रॅमी देऊन गेला. पॉप्सची अखेरची, अर्धवट राहिलेली ध्वनिमुद्रणंही ट्वीडी यांच्या मदतीने पूर्ण करून तिने २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. क्लिओथा २०१३ मध्ये गेली, इव्हॉन २०१८ मध्ये, पर्व्हिस २०२१ मध्ये.

काय वेगळं करता आलं असतं

१९६८ चा निर्णय चुकला असं मला वाटत नाही. तो घेतला नसता तर हे घर गॉस्पेलच्या जाणकारांपुरतं उरलं असतं. माझे आक्षेप त्याच्या अंमलबजावणीवर आहेत.

पहिला आक्षेप लेखणीचा. चळवळीच्या काळातली कणखर गाणी पॉप्सनी स्वतः लिहिली होती. स्टॅक्समध्ये गेल्यावर मोठी गाणी इतरांकडून आली, आणि मसल शोल्सच्या साथीदारांमुळे त्यांची गिटारही मागे सरकली. कसोटी त्यांच्याकडे राहिली, पण निवड पुढ्यात येईल त्यातूनच करावी लागली. १९७५ मध्ये पुढ्यात शृंगारगीत आलं तेव्हा नकाराला बळ उरलं नव्हतं, कारण बाजूला ठेवायला स्वतःचं दुसरं गाणं नव्हतं. ते गाणं गाणं हा मी दोष मानत नाही. ते गोड गाणं आहे. पण दर संग्रहात पॉप्सची दोन गाणी राहतील एवढी अट करारात घालता आली असती.

दुसरा, मेव्हिसचा. १९६९ आणि १९७० मध्ये तिचे एकटीचे दोन संग्रह निघाले, पण त्यांच्यामागे ना कंपनीने जोर लावला ना घराने. दोन्ही नावं बरोबरीने वाढू देण्याची ती वेळ होती. मेव्हिसची निष्ठा खरी होती, तिच्यावर कोणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. तरीही ज्या मेळ्याचा कर्ता साठीकडे निघाला आहे, तिथे पुढच्या माणसाला वर्षातून काही रात्री एकटं उभं करायला हवं. ते न झाल्याची किंमत तिने २००० नंतर मोजली.

तिसरा आक्षेप मालकीचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. हे कुटुंब आयुष्यभर इतरांच्या कंपन्यांतून गात राहिलं : व्ही-जे बुडाली, स्टॅक्स बुडाली. स्वतःची कंपनी काढणं त्या काळात अशक्य नव्हतं. सॅम कुक यांनी १९६० च्या आसपासच स्वतःची रेकॉर्ड कंपनी आणि गाण्यांच्या हक्कांची व्यवस्था उभी केली होती. कर्टिस मेफिल्ड यांनी १९६८ मध्ये, म्हणजे स्टेपल कुटुंब मेम्फिसला करार करत होतं त्याच वर्षी, शिकागोतच कर्टम ही स्वतःची कंपनी सुरू केली. १९७५ चं गाणं तिथूनच निघालं. अशा छोट्या कंपन्याही पुढे टिकल्या नाहीत, हे खरं आहे. पण निदान १९७२ च्या यशानंतर, पैसा हातात असताना, पुढच्या गाण्यांचे हक्क घरात ठेवण्याचा प्रयत्न करता आला असता. पर्व्हिसला व्यवस्थापनाची ओढ होतीच, तर तो मेळ्यातून गेला आणि बाहेरच्या कलाकारांचं काम पाहू लागला. हिशेब आणि दौऱ्यांची घडी बसवणारं आणखी एक माणूस घरातच होतं. इव्हॉनने पुढे मेव्हिसचा सगळा व्यवहार सांभाळला. ते काम तिच्याकडे वीस वर्षं आधी यायला हवं होतं.